रोम, तेरा युरोंत

म्युनिक, 8 मे 2024

ती. तात्यांस,


परवा फोनवर तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. एका दिवसात रोम काय बघितलंस, आणि पैसे किती गेले? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. बसचं जाण्यायेण्याचं भाडं सोडलं तर तेरा युरो. युरोला नव्वद रुपये धरले तर बाराशेच्या आतच बसलं. पहिल्या प्रश्नाला मात्र कागद लागतो.

रविवार मुद्दाम धरला होता. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं आणि जुन्या वास्तू सगळ्यांना फुकट असतात. रात्रीच्या बसने निघायचं, सकाळी तिबुर्तिना स्थानकाशी उतरायचं आणि रात्रीच्याच बसने परत फिरायचं, म्हणजे हॉटेलचा खर्च नाही. उतरल्यावर कॉफी घेतली ती उभ्यानेच. तिथे काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर कॉफी स्वस्त, टेबलावर बसलात की तीच महाग. दीड युरोच्या तिकिटात मेट्रोने थेट कोलोसियमपाशी बाहेर पडले.

फुकट म्हटल्यावर तिथे जत्रा लोटलेली. रांगेचं शेपूट दिसेना. मी आत गेलेच नाही. कमानी बाहेरून दिसतात त्या तेवढ्याच थोर आहेत, आणि जिथे माणसं श्वापदांपुढे सोडली जायची ती जागा आतून बघण्याची मला तशीही हौस नव्हती. रविवारी समोरचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो. त्यावरून रमतगमत चालत गेले तरी निम्मं जुनं रोम दोन्ही हातांना दिसतं, आणि तिकीट कुणी विचारत नाही. डाव्या हाताला मॅक्सेंटियसच्या बांधकामाच्या अजस्र कमानी आहेत. त्यांच्या खाली डोमिशियन बादशहाची मिऱ्याची कोठारं होती. मिरी! तुम्ही वर्गात रोमन लेखक प्लिनीची तक्रार सांगायचात ना, की हिंदुस्थान दरसाल रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ती तिथे उभी असताना आठवली. मिरी आपल्या घाटातली नव्हे, ती केरळची. पण तेरचं कापडही याच लोकांच्या अंगावर चढत होतं, आणि कल्याणहून वर येणारा माल नाणेघाटाने जुन्नरात येत होता. प्लिनीचं रडगाणं ऐकून आम्ही पोरं हसायचो. मी तिथेही हसले. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

आता पाण्याचं सांगते, कारण दिवसभरात मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

रोममध्ये रस्त्यारस्त्याला कंबरेइतके उंच लोखंडी खांब आहेत. त्यांना पुढे वाकडं नाक असतं आणि त्यातून अखंड पाणी पडत असतं. 1874 पासून नगरपालिकेने ते बसवायला सुरुवात केली, आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. नाकाच्या वरच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. खालून बोटाने तोंड दाबलं की पाणी त्या छिद्रातून वर उडतं, ओंजळ न करता पिता येतं. हे मला एका शाळकरी पोराने करून दाखवलं आणि माझा सदरा भिजवला. थंडगार, गोड पाणी. दुकानात बाटलीला पैसे मोजणारे प्रवासी त्याच खांबाशेजारून जात होते.

तात्या, मला तेव्हा इरिल आठवला. जुन्नरच्या लेण्यांत त्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. हे यवन रोमचेच असं म्हणता येत नाही, पण यवन म्हणजे परके, आणि दान जुन्नरचं आहे. कुठल्या कुठून आलेल्या माणसाच्या हातात पैसा खेळला, तेव्हा त्याला या घाटमाथ्यावर काय द्यावंसं वाटलं? पाणी आणि जेवायला सावली. मी रोममध्ये अनोळखी होते, मला तरी दुसरं काय हवं होतं?

उगाच रोमचे गोडवे गात नाही. 2017 च्या दुष्काळात तिथेही यातले बरेच नळ बंद करायला घेतले होते. आणि आपल्याकडे पिंपळगाव जोग्याचं धरण उशाशी असताना, कालव्याने पाणी पार पारनेरकडे जात असताना, याच मे महिन्यात वरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन उतरतात. तहान कुणाची हिशेबात धरायची आणि कुणाची नाही हे ठरवणारा कुणीतरी असतो. रोममध्ये निदान रस्त्याने जाणाऱ्याचीही धरली आहे, एवढंच.

पँथिऑनला एरवी पाच युरोंचं तिकीट होतं, पहिल्या रविवारी फुकट. त्रेचाळीस मीटरचा घुमट, मधोमध उघडं भोक, त्यातून पाऊस सरळ आत येतो. फरशीला उतार आणि निचऱ्याला छिद्रं आहेत. आपल्या कौलारू घरांचे मिस्त्री खूश होतील. सेंट पीटरही फुकट आहे, पण तपासणीची रांग पाहून नाद सोडला.

पँथिऑनच्या जवळच सान लुइजी दे फ्रान्चेसी नावाचं फ्रेंचांचं चर्च आहे. तिथे डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या प्रार्थनागृहात काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, 1600 च्या आगेमागे काढलेली. दर्शन फुकट, उजेडाला पैसे! पेटीत नाणं टाकलं की काही मिनिटं दिवा लागतो, मग गप्प. काटकसरी प्रवाशाने अंधारात नम्रपणे उभं राहावं, कुणीतरी श्रीमंत टाकतोच. मी दोनदा तशी पुण्याई गाठली. तिसऱ्यांदा लाज वाटली आणि स्वतःचा एक युरो टाकला.

कारण त्यातलं एक चित्र तसं होतं. मॅथ्यू हा जकात वसूल करणारा. टेबलावर नाणी, भोवती छानछोकीचे कपडे घातलेले चारदोन लोक, आणि उजवीकडून येशू बोट दाखवतोय: तू चल. उजेड त्याच बाजूने येतो. एक तरुण मान खाली घालून नाणी मोजतोच आहे, त्याला कुणी बोलावलंय याचा पत्ताही नाही. मला नाणेघाटातला दगडी रांजण दिसू लागला. लोक म्हणतात जकातीची नाणी त्यात पडायची. तिथे कोण बसत असेल, त्याला कधी कुणी हाक मारली असेल का? आणि तिथेच जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेच्या गाई आणि कार्षापण आकड्यांनिशी कोरलेले! घाटमाथ्यावर वसुली, गुहेत वाटप. दिवा विझल्यावर मी तशीच उभी राहिले.

मग त्रेव्हीचं कारंजं. इ.स.पू. 19 मध्ये अग्रिप्पाने आणलेलं पाणी, दुरुस्त्या होत होत, अजून तिथे पडतं. लोक पाठमोरे होऊन नाणी फेकतात आणि ती नाणी गोळा करून गरिबांच्या कामाला देतात. मी फेकलं नाही. माझं एक नाणं उजेडात गेलं होतं. स्पॅनिश पायऱ्यांवर टेकायला गेले तर शिट्टी वाजली. 2019 पासून तिथे बसायला बंदी आहे, दंड शेकड्यांत. पायरी बांधायची आणि बसू द्यायचं नाही, हे काही मला पटलं नाही. दोन गल्ल्या सोडून एका नळाच्या कट्ट्यावर बसले आणि कात्रीने कापून, वजन करून दिलेला पिझ्झा खाल्ला. पाच युरोत पोट भरलं, वर दीड युरोचा तळलेला भाताचा गोळा.

हिशेब जुळवून बघा: मेट्रो तीन, सकाळची कॉफी नि पाव अडीच, पिझ्झा पाच, गोळा दीड, उजेड एक.

पुढच्या खेपेला येईन तेव्हा इरिलचा लेख नेमका कुठल्या लेण्यात आहे ते तुम्ही मला दाखवायचं. मी नावच ऐकलंय, अक्षरं पाहिली नाहीत. काकूंना नमस्कार. आईला पिझ्झ्याचं सांगा, पायाला आलेल्या फोडांचं सांगू नका. ती लगेच फोन करते.

तुमची,
चिमी