मंगळवारी जमेल ते

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी पुण्यातल्या एका टेकडीवर करंजाचं रोप लावलं. ऑफिसची बस, ऑफिसचा टी-शर्ट, नंतर पोहे आणि चहा. फोटोला लाइक भरपूर आले. पुढच्या मार्चमध्ये एका शनिवारी सहज तिकडे चक्कर मारली. खड्डा सापडला. आधाराची बांबूची काठी होती, तिला बांधलेली सुतळी होती आणि रोपाच्या जागी वाळकी काटकी होती. आजूबाजूचीही गत तीच. पावसाळा सरल्यावर तिथे पाणी घालायला कोणी फिरकलंच नव्हतं. मीही नाही.

घरी येऊन मी कुठल्याही इंजिनिअरने केलं असतं तेच केलं. एक्सेल उघडलं. पर्यावरणासाठी काहीतरी एकच, पण नीट करायचं, असं ठरवून पर्याय लिहिले. शनिवारी टेकडीवर पाण्याचे कॅन वाहून नेणं. रविवारी मुठेच्या काठावर प्लास्टिक वेचणं. गावी जाऊन पाणलोटाची कामं. सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून, सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं खत. पुढे रकाने: लागणारा वेळ, खर्च, परिणाम. खताला सगळ्यात कमी गुण मिळाले. खरं सांगायचं तर मी 'फोटो' हा रकाना केला नव्हता, पण गुण देताना तो डोक्यात होता.

रात्री आईला फोन केला. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. 2016 साली पहिल्या वॉटर कप स्पर्धेत जे तीन तालुके होते, त्यातला हा एक. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत गावी गेलो, एक दिवस श्रमदान केलं, हाताला फोड आले आणि परत आलो. आई मात्र दीड महिना रोज जात होती. उजाडायच्या आत डोंगरउतारावर सलग समतल चर खणायला, तिथून घरी येऊन धारा, भाकरी आणि शेत. मी विचारलं, "तुला एवढं जमायचं कसं गं?"

"एवढं कुठं? दोन तास जायचे. आणि किती खणलंस ते कुणी विचारायचं नाही. उद्या येणार का, एवढंच विचारायचे."

एक्सेलमध्ये तो रकाना नव्हता.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट. कचरा न्यायला मावशी येतात, सकाळी आठच्या सुमारास. माझा त्यांच्याशी संबंध दाराबाहेर बादली ठेवण्यापुरता, कारण आठला मी झोपलेला असतो किंवा कॉलवर असतो. त्या दिवशी दार उघडलं तर त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळलेली, रक्ताने भिजलेली. "काय झालं मावशी?" म्हटलं तर म्हणाल्या, "काल कुणीतरी ओल्यात ब्लेड टाकलं होतं दादा." आणि बादली उचलून पुढच्या दाराशी गेल्या.

ब्लेड माझं होतं. आदल्या दिवशी घाईत दाढी केली, कागदात गुंडाळायचा कंटाळा केला आणि ते केळीच्या सालांवर टाकलं. मी दार लावून घेतलं. काही बोललो नाही. नऊच्या कॉलमध्ये काय बोललो तेही आठवत नाही.

कचरा वर्गीकरणाचे नियम मला पाठ होते. ओला वेगळा, सुका वेगळा, धोकादायक वेगळा. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला हात घालण्याआधी कळतं. 2016च्या नियमांप्रमाणे रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा स्वतःच जिरवायचा होता. आमची सोसायटी छोटी, त्यामुळे हे बंधन आम्हाला नव्हतं. आमचा ओला कचरा आम्ही नजरेआड करायचो, इतकंच. आणि टेकडीवरच्या झाडांसाठी हळहळणारा मी, माझ्या दारातल्या बादलीत काय टाकतो ते बघत नव्हतो.

एक्सेल बंद केलं. खत ठरलं.

आठवडाभर स्प्रिंगकाट्यावर वजन केलं. चोवीस घरांचा ओला कचरा रोज सरासरी अकरा किलो. पार्किंगच्या मागे विटांचे दोन हौद बांधले, विटांमध्ये हवेसाठी फटी ठेवून. तत्त्व सोपं आहे. भाजीच्या सालींत नत्र जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. नत्राच्या साधारण तीसपट कर्ब असला की सूक्ष्मजीव खूश असतात. ढीग आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडली की घाण वास सुटतो. म्हणजे वास आला तर सुकी पानं घाला आणि फावड्याने खालीवर करा. वासाला घाबरायचं नसतं, एरर मेसेज वाचतो तसा तो वाचायचा असतो.

खरी अडचण मीटिंगमध्ये आली. एक गृहस्थ म्हणाले, "ओला कचरा आपणच जिरवणार, तर मावशींचे महिन्याचे पैसे निम्मे करा." दोघातिघांनी माना डोलावल्या. हिशेब म्हणून बरोबरच होता. मी सुका कचरा, जिने, वजन असं काहीबाही बोलत होतो, कोणाला पटत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "मार्चमध्ये मावशींचा हात कापला होता. ते ब्लेड मी टाकलं होतं." खोली शांत झाली. पैसे होते तेवढेच राहिले. ते माझ्या बोलण्यामुळे की लवकर घरी जायचं होतं म्हणून, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता उठून मावशींना सांगितलं. त्या हसल्या. "माहितीये की दादा. या मजल्यावर दाढीचं ब्लेड तुमच्याकडंच निघतं." तीन आठवडे त्यांना माहीत होतं, आणि तीन आठवडे त्या माझी बादली उचलत होत्या.

एप्रिल ते जून सगळं छान चाललं. रोज रात्री मीच हौद हलवायचो. जुलैत ऑफिसात रिलीज आलं, नऊ दिवस मी घरी फक्त झोपायला येत होतो. त्यातच पानं संपली. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हाच पोती भरून ठेवायची असतात, हे मला पावसाळ्यात कळलं. हौद चिखल झाला. वास पहिल्या मजल्यापर्यंत, अळ्या पार्किंगपर्यंत, आणि ग्रुपवर मेसेज: 'कोणाच्या हौसेपायी आम्ही का सोसायचं?'

आमच्या क्षेत्रात 'बस फॅक्टर' म्हणतात. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? आकडा मोठा असलेला बरा. आमचा एक होता. दुसऱ्या कोणाच्या प्रोजेक्टमध्ये असं दिसलं असतं तर मी रिव्ह्यूमध्ये धुतलं असतं. स्वतःचं मात्र मला निष्ठा वाटत होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार वाजवलं. निवृत्त शिक्षिका आहेत. भांडायला आल्या असं वाटलं. त्या म्हणाल्या, "लाकडाचा भुसा मिळतो का बघ. आणि सगळं एकट्याने कशाला करतोस? मला बुधवार दे."

भुसा आणला, आठवड्यात वास गेला. आता सात घरं, सात वार. मी मंगळवार घेतला. सोमवारी रात्री अमेरिकेचा कॉल असतो, गुरुवारी रिलीज, शनिवार-रविवार कधी गावी तर कधी नुसता पडून. मंगळवारी मात्र मी घरी असतो, फार थकलेला नसतो, विशेष काही घडतही नसतं. काम निवडायचंच तर ते अशा वारी मावेल असं निवडावं, एवढंच मला या दोन वर्षांत कळलंय. उत्साहाच्या रविवारी माणूस काहीही कबूल करतो.

याने पुण्याचा कचरा कमी झाला का? शहराच्या हिशेबात अकरा किलो म्हणजे काहीच नाही. पण जी अकरा किलोंची ओली बादली मावशी जिन्यावरून उतरवायच्या, ती आता उतरवत नाहीत. सुका कचरा कोरडा मिळतो, त्याला भाव बरा येतो असं त्या सांगतात. फेब्रुवारीत आम्ही पानांची चौदा पोती भरून ठेवली.

परवा ऑफिसचा मेल आला. यंदाही वृक्षारोपण आहे, टी-शर्टचा साइज कळवा. मी उत्तरात विचारलं, 'मार्चमध्ये पाणी घालायचे वार ठरलेत का? एखादा मंगळवार मी घेतो.'

अजून उत्तर आलेलं नाही. आज मंगळवार आहे. साडेदहा वाजलेत, फावडं घेऊन खाली जाऊन येतो.