वेरूळच्या राणीस, मुक्काम बोगमाळो

राणीसाहेब,



परवा गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात तुमच्या पंखाखाली अर्धा तास उभा होतो. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या आवारात सगळ्यांत ऐसपैस सावली तुमचीच. सी हॅरियर या लढाऊ विमानापाशी फोटोंसाठी झुंबड होती. एका मुलाने तुमच्याकडे बोट दाखवत विचारलं, "बाबा, हिने किती विमानं पाडली?" बाबा म्हणाले, "एकही नसेल. प्रवासी विमान दिसतंय." मुलगा निघून गेला. मी मात्र रेंगाळलो. मी वेरूळकडचा, आणि तुमचं पहिलं नाव 'रानी ऑफ एलोरा'!

1948 साली एअर इंडियाने मुंबई-लंडन सेवा सुरू केली ती 'मलबार प्रिन्सेस' या कॉन्स्टेलेशन विमानाने. पुढे त्याहून लांबलचक सुपर कॉन्स्टेलेशन आली, तुम्ही त्यांतल्याच एक. राजकन्यांच्या मागून राण्या आल्या त्या अशा. डॉल्फिनसारखी बाकदार पाठ, मागे तीन उभे सुकाणू, आणि प्रत्येकी 18 सिलिंडरांची चार इंजिनं. त्यांतलं एखादं वाटेतच रुसायचं, म्हणून वैमानिक तुमच्या जातीला गमतीने 'तीन इंजिनांचं उत्तम विमान' म्हणत. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि प्रवाशांना तुमचा विसर पडला.

मग तुम्ही हवाई दलात गेलात. तिथे तुमच्या जातीच्या विमानांचा तळ पुण्याचं लोहगाव. सागरी टेहळणी हवाई दलाने करायची की नौदलाने, हा वाद बरीच वर्षं चालला. अखेर 1976 मध्ये पाच सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडे आली आणि दाबोळीला 312 क्रमांकाचं स्क्वाड्रन उभं राहिलं. तुम्ही झालात आयएन 315.

त्या नोकरीत मिरवण्यासारखं काही नव्हतं. तासन्‌तास निळ्या पाण्यावरून जायचं, जहाज दिसलं की खाली उतरायचं, ते कोणाचं, कुठल्या दिशेला निघालंय ते टिपायचं आणि पुन्हा वर. संध्याकाळी परतल्यावर बहुतेकदा सांगण्याजोगं काहीच नसायचं. त्या मुलाला मी हेच सांगायला हवं होतं: बाळा, हिने काही पाडलं नाही, हिने पहारा केला. रात्रभर काही घडलं नाही म्हणून राखणदाराची रात्र वाया गेली असं कोणी म्हणत नाही.

1998 साली हे संग्रहालय उघडलं. तुम्ही उघड्यावरच आहात. ज्या समुद्रावर तुम्ही नजर ठेवलीत, त्याचाच खारा वारा आता तुमच्या पत्र्याला लागतो, आणि वर्षातले चार महिने कोकणचा पाऊस. एका रिव्हेटभोवती मी बोट फिरवलं, तर रंगाचा पोपडा नखाशी आला.

आमच्या वेरूळचं कैलास लेणं बाराशे वर्षं पावसात उभं आहे. ते कातळाचं आहे, म्हणून निभावलं. ॲल्युमिनियमला तेवढं आयुष्य नसतं. तेव्हा या पत्राची एक प्रत नौदलालाही: राणीसाहेबांच्या डोक्यावर छप्पर घाला.

आपला,
एक वेरूळकर