उठलेल्या पेठेत

एरंडोलला आम्ही महिन्यातून दोनदा मिस्सासाठी जातो. तेथे आपली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कुणी परिचारिका, कुणी शिक्षक, कुणी कामाच्या शोधात आलेले आणि तेथेच स्थिरावलेले. चर्च बांधावे एवढी संख्या नाही आणि तेवढा पैसाही नाही. म्हणून गेली कित्येक वर्षे पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर भाड्याने घेतलेल्या खोलीत वेदी मांडली जाते. खाली दुकान, वर आम्ही. दुकान वह्या-चोपड्यांचे. मालकांना सारे गाव ‘आबा’ म्हणते, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो.

तरुण धर्मगुरू म्हणून आम्ही या भागात प्रथम आलो, तेव्हा बाजाराच्या दिवशी त्या गल्लीतून चालणे कठीण होई. बैलगाड्या, सायकली, केळीचे घड, मिरच्यांचे ढीग, कापडाच्या गाठोड्यांवर बसलेल्या आयाबाया. मिस्साच्या शांततेत खालून भाव करणाऱ्यांचे आवाज येत आणि आमचे मन विचलित होई. एकदा आम्ही आबांकडे तक्रारही केली होती. आबा हसून म्हणाले होते, “फादर, बाजाराचा आवाज थांबला तर गाव आजारी पडलं समजा.” त्या वेळी ते बोलणे आम्ही विनोदावारी नेले. आता त्या खोलीत मिस्सा अर्पण करताना बाहेरून काहीच ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी आबांचे दुकान बंद झाले. शेजारचे कापडाचे दुकान त्याआधीच बंद झाले होते, समोरचे भांड्यांचे त्याच्याही आधी. आम्ही आबांना म्हणालो, “दुकान बंद का केलंत?” त्यांनी अहिराणीत उलट विचारले, “आते आठे काय ऱ्हायनं, फादर?” आता येथे काय उरले! या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एरंडोल हे काही आजकालचे गाव नव्हे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे येथले लोक परंपरेने मानतात. जवळच्या पद्मालयाचा गणपती साऱ्या खानदेशाला ठाऊक आहे. गावात पांडववाडा नावाची प्राचीन वास्तू आहे. तिच्यावरून वाद उठला आणि २०२३ साली तो न्यायालयात पोहोचला. निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. मात्र या गावाची एक जुनी कीर्ती अशी आहे की तिच्यावर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही. एरंडोल एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही त्याची नोंद घेतली आहे आणि हा धंदा आता थोडाच उरला आहे, असेही लिहून ठेवले आहे. म्हणजे पेठेच्या ऱ्हासाची कहाणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

कागद करणारे ते ‘कागदी’. दख्खनमध्ये हा व्यवसाय बहुतांशी मुसलमान कारागिरांच्या हाती होता. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही त्याची दुसरी प्रसिद्ध ठिकाणे. जुने गोणपाट, दोरखंड, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, ढेकीने कुटायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या छपरीवर उचलायचा, ओले ताव गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. एवढ्या खटाटोपानंतर जो ताव हाती येई, त्यावर व्यापाऱ्याची चोपडी लिहिली जाई आणि दिवाळीला तिची पूजा होई. मुसलमान कारागिराने घोटलेल्या कागदावर हिंदू किंवा जैन व्यापारी कुंकवाचे बोट टेकवी, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

आबांनी एकदा आपल्या आजोबांची चोपडी आम्हाला दाखवली. कागद जाडाभरडा, कडा ओबडधोबड, पण शाई काल लिहिल्यासारखी काळीभोर. आमच्या धर्मग्रामातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आम्हाला आठवल्या. तीस वर्षांपूर्वीची गिरणीच्या कागदाची पाने आताच पिवळी पडून कोपऱ्यांत तुटू लागली आहेत. ज्या वहीत एखाद्या जिवाचे ख्रिस्तात जन्मणे नोंदवायचे, ती वही माणसाच्या आयुष्याइतकीही टिकू नये, याची आम्हाला खंत वाटली.

पेठ का उठली? गिरणीचा कागद स्वस्त झाला, हे एक कारण झाले. पण पेठ एका धंद्यावर चालत नाही. १८६० नंतरच्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळकडे गेला. एरंडोलच्या वाट्याला काही अंतरावरचे म्हसावद स्थानक आले. त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस ज्या गावी आगगाडी थांबत होती त्या गावी गेला, आणि जळगाव मोठे झाले. १९०० साली सुरतेकडून ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग आला. तो अमळनेर आणि धरणगाववरून गेला. एरंडोल दोन लोहमार्गांच्या मध्ये राहिले. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, आणि पूर्व खानदेशची कचेरी जळगावला थाटली गेली. जेथे आगगाडी आणि कचेरी, तेथे वकील, डॉक्टर, शाळा आणि अखेर बाजार, असा हा क्रम आहे.

पुढे राष्ट्रीय महामार्गाने गावाला पुन्हा हात दिला. सुरतेकडून नागपूरकडे जाणारी वाहने एरंडोलवरून जाऊ लागली. पण महामार्ग देतो तसा घेतोही. चहाची टपरी, मग खानावळ, मग गॅरेज, मग दुकान, असे एकेक करून सारे रस्त्याच्या कडेला गेले. धान्याचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारात गेला. जळगाव बसने तासाभराच्या अंतरावर आले, तेव्हा लग्नाचा बस्ता तेथेच बांधला जाऊ लागला. मुले पुण्याला, नाशिकला, सुरतेला गेली. उरलेसुरले गिऱ्हाईक आता हातातल्या फोनवर खरेदी करते. यांपैकी कोणीही पेठेचे वाईट चिंतले नव्हते. प्रत्येकाने आपल्या सोयीचे तेवढे केले.

वाचकहो, त्या ‘प्रत्येका’त आम्हीही आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे. आमच्या नोंदवह्या पूर्वी आबा बांधून देत. कापडी पुठ्ठा, दोऱ्याची शिवण, पाठीवर सोनेरी अक्षरे. त्यांना पंधरा दिवस लागत. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्या फोनवरून मागवल्या. चार दिवसांत घरपोच आल्या आणि थोड्या स्वस्तही पडल्या. आबांना आम्ही काही सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. मात्र त्या वर्षी आम्ही माडीचा जिना चढताना दुकानाकडे पाहण्याचे टाळले, हे आम्हाला नीट आठवते.

आणि गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. गेल्या पावसाळ्यात महामार्गालगत एक जागा मिळण्याची शक्यता दिसली. मोटारी उभ्या करायला अंगण, जवळच बसचा थांबा, वरच्या बाजूला मोठा क्रूस लावला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल. आम्हाला ती कल्पना फार आवडली. माडी सोडून तेथे जावे असे आम्ही मनोमन ठरवूनही टाकले होते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आबांनी एकचक्रानगरीची कथा काढली. बकासुर गावाला छळत होता. गावाने त्याच्याशी करार केला होता: रोज एका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. पाळी आली की ते घर रडायचे. बाकीची घरे, आज आपली पाळी नाही म्हणून, निवांत झोपायची. आबा म्हणाले, “आमच्या पेठेचंही तसंच झालं. आज कापडवाला, उद्या भांडीवाला, परवा मी. ज्याची पाळी आली तो रडला.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि भीम गावचा नव्हता, फादर. भाडेकरूच म्हणायचा. पण ज्या घरानं आसरा दिला त्याची पाळी आली, तेव्हा कुंतीनं पोराला गाड्यावर बसवलं.”

आमच्या स्थलांतराच्या बेताची त्यांना कल्पना होती की नव्हती, कोण जाणे. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

सेमिनरीत आम्ही पवित्र शास्त्र शिकलो, परंतु बाजाराकडे पाहण्याची दृष्टी आम्हाला तेथे मिळाली नाही, हा दोष आमचाच. येशूने द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगितला, त्यात मालक मजूर शोधायला बाजारात जातो, तेही एकदा नव्हे, दिवसभर पुनःपुन्हा. यिर्मयाने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना, ज्या परक्या नगरात राहता त्याचेच कल्याण चिंता, असे कळवले. जखऱ्याला उजाड यरुशलेमच्या भविष्याचे जे दर्शन झाले, त्यात काठी टेकीत चौकात बसलेली म्हातारी माणसे आहेत आणि रस्त्यांत खेळणारी मुले आहेत. देवाच्या आशीर्वादाची खूण म्हणून संदेष्ट्याने निवडले ते चालते-बोलते रस्ते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात नद्या आणि अरण्यांबरोबर शहरातल्या सार्वजनिक जागांचाही विचार केला आहे. या जागांमुळे माणसाला गाव आपले वाटते, हा त्यातला आशय आहे.

मग पेठ पुन्हा उभी राहू शकते का? जुनी पेठ जशीच्या तशी परत येणार नाही, हे आम्हाला कळते. परंतु जुने कसब आणि जुनी वस्ती यांना नवे काम मिळाल्याची उदाहरणे आहेत. इटलीतल्या फाब्रियानो या गावात तेराव्या शतकापासून कागद होतो. तेथे डोमिनिकन संघाच्या जुन्या मठात आज कागदाचे संग्रहालय आहे. राजस्थानात सांगानेरचे कागदी आजही हातकागद करतात आणि तो परदेशी जातो. आपल्या कागजीपुऱ्यातही हे काम पूर्ण थांबलेले नाही. याच जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला, १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले. त्या वेळी गांधीजींच्या आग्रहाने ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते. खेड्यातल्या हातांना काम मिळावे, हा विचार या मातीला नवा नाही.

एरंडोलला लागणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. बाजारात येणाऱ्या बायकांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह हवे. उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्यांवर सावली हवी. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला आहे, त्याप्रमाणे त्यांना हक्काची जागा हवी. बंद दुकानांच्या वरच्या माड्यांतून पुन्हा संसार हवेत, कारण जेथे रात्री दिवा लागत नाही तेथे दिवसा गिऱ्हाईक फार काळ येत नाही. आणि खरेदीखेरीज दुसऱ्या कारणांनीही लोक तेथे यायला हवेत: अभ्यासाला, औषधाला, गप्पांना, प्रार्थनेला.

या शेवटच्या शब्दापाशी आम्ही अडलो. प्रार्थनेची जागा तर आम्हीच उचलून नेणार होतो.

पुढच्या मिस्सानंतर सर्व कुटुंबांना थांबवून घेतले आणि आमचा बदललेला विचार मांडला. सगळ्यांना तो पटला असे नाही. एक परिचारिका भगिनी स्पष्टच म्हणाली, “फादर, पेठेचं ठीक आहे, पण माझ्या सासूबाईंना हा जिना चढवत नाही. दोन वर्षांत त्यांनी मिस्सा पाहिलेला नाही. तुमच्या विचारात त्या कुठे आहेत?” आम्ही निरुत्तर झालो. पेठेची कणव करता करता आपल्याच कळपातले एक मेंढरू दाराबाहेर राहिल्याचे आमच्या ध्यानीही आले नव्हते.

वाट सापडली ती आबांकडून. खाली दुकान रिकामेच होते. तेच घ्या म्हणाले. त्यांच्या पुण्याच्या मुलाला वाडा विकायचा आहे. त्याची समजूत घालायला आबांना महिना लागला, आणि समजूत पटली ती एका वर्षापुरती. वर्षानंतर काय, हे आबांना ठाऊक नाही आणि आम्हालाही नाही.

आता वेदी तळमजल्यावर असते. मिस्साच्या दिवशी लाकडी फळ्यांचे दार उघडे ठेवतो. इतर संध्याकाळी तेथे दिवा असतो आणि गल्लीतली मुले अभ्यासाला बसतात. कोणाची जात वा धर्म विचारत नाही. दोन मुले कागदी मोहल्ल्याकडची आहेत. आबा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि गणिते चुकली की रागावतात. एवढ्याने पेठ सावरली असे म्हणणे खोटेपणाचे होईल. शेजारची दुकाने बंदच आहेत. मात्र दिवा दिसतो म्हणून एक भुईमुगाच्या शेंगा विकणारा संध्याकाळी तेथे गाडी लावू लागला आहे.

गेल्या महिन्यात त्या परिचारिका भगिनीच्या सासूबाई मिस्साला आल्या. पहिल्याच रांगेत बसल्या. शांतिचिन्हाच्या वेळी बाहेर शेंगावाल्याशी कोणीतरी मोठ्याने घासाघीस करीत होते. पूर्वी आम्ही कपाळाला आठी घातली असती. त्या दिवशी आम्ही क्षणभर थांबलो, तो आवाज ऐकला, आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

नव्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे काम आम्ही आबांना दिले आहे. त्यांचे हात आता थरथरतात. महिना लागेल म्हणाले. आम्ही सांगितले, लागू द्या.