गलागा आणि दादाचं विमान

परवा शनिवारी वाशिंदला घरीच होतो. दुपारी काही सुचेना म्हणून लॅपटॉपवर गॅलगा लावला. लहानपणी आम्ही त्याला 'गलागा'च म्हणायचो. कल्याणहून आणलेला टीव्ही गेम, कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत खरे गेम वीस-पंचवीस! चालली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. असो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपानच्या नामको कंपनीने १९७९ मध्ये गॅलॅक्सियन काढला. त्यात एक गोळी सुटली की ती लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी मारता यायची नाही. १९८१ मध्ये त्याचा पुढचा भाग आला, तो गॅलगा. यात दोन गोळ्या. पण खरी गंमत पॉवर-अपची. इतर गेममध्ये पॉवर-अप समोर येतो, आपण फक्त उचलायचा. इथे आधी आपलं विमान शत्रूला द्यावं लागतं! बॉस खाली येऊन झोत सोडतो, त्यात मुद्दाम शिरायचं. एक लाईफ गेली. मग दुसरं विमान घेऊन, बॉस झेपावला की त्याला टिपायचं. नेम चुकून पकडलेल्या विमानालाच लागला तर ते कायमचं गेलं. जमलं तर दोन विमानं शेजारी शेजारी, गोळ्या दुप्पट. अर्थात मार खायला अंगही दुप्पट!

दादा यात तरबेज. मी घाबरायचो, हातातलं विमान का घालवायचं? तो म्हणायचा, "अरे दे पकडून, मी सोडवतो ना." एकदा माझं शेवटचं विमान असताना त्याचं ऐकलं आणि गेम ओव्हर. मागे विमानच उरलं नाही तर सोडवणार कोण? आठवडाभर बोललो नाही त्याच्याशी.

बारावीनंतर दादा इथल्याच एका कारखान्यात लागला. बाबांचं काम सुटलं होतं. माझ्या इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी त्याच्या पगारातून गेली. घरात यावर कधी बोलणं झालं नाही. मला नोकरी लागल्यावर मी त्याला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.ची सगळी माहिती प्रिंट काढून दिली. ते कागद टीव्हीखालच्या कप्प्यात तसेच आहेत.

तर शनिवारी पहिली पाळी संपवून तो आला, मागे उभा राहिला आणि म्हणाला, "आण इकडे." बॉस आल्याबरोबर विमान दिलं पकडून! मी म्हटलं, आता सोडव. त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू सोडव. माझी बोटं नाही चालत आता तशी."

माझ्या पहिल्या दोन गोळ्या हुकल्या. तिसरी बरोब्बर त्याच्या विमानाला लागली.

"गाढवा!" दादा खो खो हसला. "लाव परत."

वहिनीने जेवायला दोनदा हाका मारल्या, तरी आम्ही उठलो नाही. नवव्या की दहाव्या खेपेला जमलं एकदाचं. त्या कागदांचं विचारायचं ठरवलं होतं, ते मात्र राहूनच गेलं.