कार्डिफ : गाण्यासाठी दोन दिवस

कार्डिफ १९५५ साली वेल्सची राजधानी झाले, म्हणजे राजधान्यांमध्ये तसे वयाने लहानच. शनिवार-रविवार जोडून केल्टिक लोकसंगीत ऐकायला आणि जमल्यास थोडे शिकायला या शहरात जायचे असेल, तर आधी ‘केल्टिक’ या नावाचा पसारा समजून घ्यावा लागतो. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, कॉर्नवॉल आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत हे सगळे त्यात येतात. त्यांच्या भाषा एकाच कुळातल्या आहेत, हे एडवर्ड लॉइड या वेल्श पंडिताने १७०७ साली ग्रंथातून मांडले. भाषा एका कुळातल्या म्हणून गाणेही एकच, असे मात्र नाही. आयरिश मैफल फिडल आणि बासरीच्या जोरावर पळते, स्कॉटिश लोकांचा जीव बॅगपाइपमध्ये, तर वेल्श माणसाच्या मनात हार्पचे आणि आवाजाचे स्थान सगळ्यात वरचे.

या सर्वांना एका मांडवाखाली आणणारा महोत्सव ब्रिटनीतल्या लॉरिआं गावी १९७१ पासून दर ऑगस्टमध्ये भरतो. तिथे वेल्सच्या वतीने वाजवायला कोणीतरी हवे म्हणून १९७६ साली ‘आर लॉग’ हा वाद्यवृंद जमवला गेला, आणि पुढे तो पूर्णवेळ व्यावसायिक झाला. खुद्द कार्डिफमध्ये ‘केल्टिक’ हा शब्द फारसा कानावर पडत नाही. तिथले लोक सरळ ‘वेल्श’ म्हणतात, आणि पाहुण्यानेही त्याच शब्दाच्या मागे जावे. आयरिश रीलच्या धुना ऐकायला कार्डिफ गाठणे म्हणजे वाट वाकडी करणे होय.

दौरा उन्हाळ्यात आखावा. जूनच्या मध्यावर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचा कार्यक्रम बसतो. ‘ग्विल इव्हान’ हा लोकनृत्याचा उत्सव कार्डिफमधल्या नर्तकांनी १९७७ साली सुरू केला. त्याचा मुहूर्त उन्हाळ्याच्या मध्याचा, आणि रंगीत फिती लावलेला उंच खांब उभारून त्याभोवती नाचण्याची ग्लॅमॉर्गन परगण्याची जुनी रीत त्यात जपली गेली. दुसरा उत्सव ‘तावविल’. मेंतर कायर्दिद या वेल्श भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थेने तो २००६ साली एका पबच्या आवारात सुरू केला. गर्दी वाढत गेली तसा तो कार्डिफच्या किल्ल्यात गेला आणि २०२३ पासून किल्ल्यामागच्या ब्यूट पार्कमध्ये भरू लागला. प्रवेश फुकट असतो. तारीख मात्र ठरलेली नसते. २०२४ मध्ये तो जुलैत भरला आणि २०२५ मध्ये जूनमध्ये. म्हणून आधी उत्सवाची तारीख, मग गाडीचे तिकीट, मग हॉटेल, हाच क्रम ठेवावा.

हॉटेलाच्या बाबतीत एक इशारा द्यायला हवा. शहराच्या अगदी मध्यात, स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम आहे, आणि त्यात सत्तर हजारांहून अधिक माणसे बसतात. तिथे रग्बीचा सामना किंवा एखाद्या बड्या गायकाचा कार्यक्रम असला की खोल्यांचे भाव अस्मानाला भिडतात आणि रात्री स्थानकाबाहेर गाडीसाठी रांगा लागतात. तारीख ठरवताना स्टेडियमचे वेळापत्रकही बघितलेले बरे.

लंडनच्या पॅडिंग्टनहून कार्डिफ सुमारे दोन तासांवर आहे. ही गाडी रेडिंग आणि स्विंडनवरून जाते. या पट्ट्यात, आणि लंडनच्या बाजूला स्लाउमध्ये, संगणकक्षेत्रातली बरीच मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी कार्डिफ म्हणजे पुण्याच्या माणसाला कोल्हापूर, त्याहूनही जवळ. मुंबईहून थेट येणाऱ्याला व्हिजिटर व्हिसा लागतो. हीथ्रोवर उतरल्यावर मध्य लंडनात शिरण्याची गरज नाही. विमानतळावरून रेडिंगला बस जाते आणि पुढची गाडी तिथेच मिळते. आम्हीही रेडिंगलाच गाडी धरली. ब्रिस्टल मागे पडले की गाडी सेव्हर्न नदीच्या मुखाखालच्या सात किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. बोगदा १८८६ सालचा. बाहेर पडल्यावर स्थानकांच्या पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. मोटारीने येणाऱ्यांनाही आता सोपे झाले आहे, कारण सेव्हर्नच्या पुलांवरचा टोल डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाला.

शनिवारी उत्सव. ब्यूट पार्क हे टॅफ नदीकाठचे उद्यान किल्ल्यासकट १९४७ साली ब्यूट घराण्याने शहराला दिले. तावविलचे मंच, लहान मुलांचे तंबू, वेल्श शिकणाऱ्यांसाठीची जागा आणि खाण्याच्या गाड्या इथेच झाडांमध्ये मांडलेल्या असतात. निवेदन वेल्शमध्ये चालते. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्के आहेत आणि कार्डिफमध्ये त्याहून कमी, त्यामुळे समोरच्या गर्दीतही अनेकांना अर्धेच समजत असते. भाषा न येणाऱ्याने संकोच करू नये. मोठ्या मंचावर रॉक आणि पॉपचाच दणका जास्त असतो. हार्प, फिडल आणि घोळक्याने गाणारी मंडळी लहान मंचांवर सापडतात. कार्यक्रमपत्रिका हातात पडताच लहान मंचांच्या वेळांवर खूण करून ठेवावी.

उद्यानात उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे. ते हजारो वर्षांचे असावे असे वाटते, पण आहे १९७८ सालचे, त्या वर्षी इथे भरलेल्या आयस्टेडवॉड या राष्ट्रीय साहित्य-संगीत मेळ्याच्या वेळचे. दगडांच्या वर्तुळात कवींचा दरबार भरवण्याची ही प्रथा योलो मॉर्गानुग नावाच्या पाथरवटाने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर सुरू केली आणि ती प्राचीन असल्याचे बेधडक ठोकून दिले. त्याने जुन्या म्हणून खपवलेल्या कविताही पुढे त्याच्याच निघाल्या. तरी दरबार टिकला, कारण लोकांना तो हवा होता.

पोटाची सोय कठीण नाही. नावाने फसू नये; ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’ हा चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचा शाकाहारी प्रकार आहे. तव्यावर भाजलेले, बेदाणे घातलेले वेल्श केक १८९१ सालच्या झाकलेल्या बाजारात गरमागरम मिळतात. त्यात अंडे असते, हे मात्र न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता कार्यशाळा. महोत्सवाच्या जोडीने, किंवा एरवीही, अशा शिकवण्या होत असतात. ‘त्राक कम्री’ ही वेल्सच्या लोकसंगीताचे काम पाहणारी संस्था आणि ‘क्लेरा’ ही पारंपरिक वाद्यांची संस्था यांच्या उपक्रमांची यादी निघण्याआधी बघून घ्यावी, कारण जागा थोड्या असतात आणि नाव आधी नोंदवावे लागते. ‘नवशिके’ आणि ‘थोडे येणारे’ असे वर्ग वेगळे असतात. आपले वाद्य आपणच आणायचे. हार्प मात्र कधी कधी उसना मिळतो, तेवढे आधी विचारून ठेवावे.

शिकवण्याची पद्धत मराठी विद्यार्थ्याला परकी वाटणार नाही. स्वरलिपीचा कागद शेवटी मिळतो, कधी मिळतही नाही. शिकवणारा दोन मापांचा (‘बार’चा) तुकडा वाजवतो, वर्ग तो परत वाजवतो, मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा, आणि प्रत्येक दोनदा वाजवायचा. एवढा आराखडा डोक्यात बसला की अनोळखी धूनही कुठे वळणार याचा अंदाज येतो. एका तासात एक धून हाताला लागते, दोन लागल्या तर शिकवणारा घाई करत होता असे समजावे.

धुना मुख्यतः डी आणि जी या स्वरांवर बेतलेल्या असतात, म्हणजे आपल्या पेटीच्या हिशेबात सफेद दोन आणि सफेद पाच. पेटीवाल्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. बासरीवाल्याची सोय याहून चांगली आहे. वर्गात हमखास दिसणारे स्वस्त वाद्य म्हणजे टिनची व्हिसल, डी स्वराची, सहा छिद्रांची. तिच्यात सहाही छिद्रे झाकली की डी निघतो आणि तोच बहुधा आधारस्वर मानतात. आपल्याकडे सा तीन छिद्रे झाकून धरतात. तशी पकड ठेवली तर हीच व्हिसल सफेद पाचची बासरी होते, आणि सगळी छिद्रे उघडल्यावर निघतो तो तीव्र मध्यम. बोटे तीच, फक्त मनातला सा हलवायचा. आमच्यातल्या बासरीवाल्याला हे उमगल्यावर त्याने शिकवणाऱ्याच्या आधीच दुसरा भाग उचलला. मींड मात्र आवरावी लागते. इथले अलंकार बोट झटकन उचलून किंवा आपटून काढतात, आणि लांब ओढलेला स्वर सगळ्यांची चाल बिघडवतो.

संध्याकाळी पबमध्ये ‘सेशन’ चालते. तो कार्यक्रम नसतो, टाळ्यांची अपेक्षाही नसते. वर्तुळात बसण्याआधी विचारावे, येत नसलेली धून चाचपडत वाजवू नये, आणि तालवाद्य एकाच्या हाती असेल तर दुसऱ्याने आपले काढू नये. ढोलकी घेऊन जाणाऱ्याने शेवटचा नियम विशेष पाळावा. पुढे जाग राहिली तर वुमनबी स्ट्रीटवर १९८३ साली वेल्श भाषिकांनी उघडलेला क्लब इवोर बाख आहे. तिथे नव्या दमाचे बँड वाजतात.

रविवार सेंट फॅगन्ससाठी राखावा. शहराच्या पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर १९४८ साली उघडलेले हे उघड्या आभाळाखालचे संग्रहालय आहे. वेल्सभरातून चाळीसहून अधिक घरे, चर्च आणि दुकाने दगड-दगड उतरवून इथे पुन्हा उभी केली आहेत. शहरातून बस जाते, प्रवेश फुकट, मोटार लावायचे पैसे पडतात. वाद्यांसाठी जाणाऱ्याला सगळ्यात मोलाची चीज म्हणजे संग्रहातला ‘फोएलास क्रूथ’, रिचर्ड इव्हान्स या कारागिराने १७४२ साली घडवलेला. क्रूथ हे गजाने वाजवायचे सहा तारांचे चौकोनी वाद्य. त्याची घोडी जवळजवळ सपाट असते, त्यामुळे गज एकावेळी अनेक तारांवर फिरतो आणि धुनेसोबत आधारस्वर आपोआप घुमतो. घोडीचा एक पाय लांब असतो. तो वरच्या फळीच्या छिद्रातून आत उतरून मागच्या फळीवर टेकतो, म्हणजे दोन्ही फळ्या एकदम थरथरतात. दोन्ही टोकांना शिंग लावलेले ‘पिबगॉर्न’ हे सुषिर वाद्यही याच संग्रहात आहे.

अशी वाद्ये मागे पडली याचे एक मोठे कारण अठराव्या शतकातली मेथडिस्ट पंथाची लाट. तिने फिडल आणि नाच पापाच्या खात्यात टाकले. गाण्याला चर्चमध्ये जागा मिळाली, नाचाला मिळाली नाही. तारांच्या तीन रांगा असलेला वेल्श ट्रिपल हार्प टिकला तो बराचसा अब्राम वुड याच्या भटक्या रोमानी घराण्यामुळे. नान्सी रिचर्ड्स (१८८८–१९७९) या नामवंत वादिकेनेही या घराण्यातल्या वादकांकडून धुना उचलल्या. या घराण्याच्या बोलीचा अभ्यास जॉन सॅम्पसन यांनी १९२६ साली प्रसिद्ध केला. रोमानी ही भारतीय आर्य कुळातली भाषा, मराठीची दूरची नातलग. म्हणजे वेल्सचे राष्ट्रीय वाद्य जपणाऱ्यांचे मूळ आपल्या उपखंडात सापडते. अलीकडचा धागा २०१५ सालचा: मुंबईचे गझलगायक तौसीफ अख्तर आणि वेल्श गायिका ग्विनेथ ग्लिन यांनी ‘गझलाऊ’ हा संग्रह मिळून केला. निघण्यापूर्वी तो ऐकून गेल्यास कान तयार होतो.

एक प्रकार मात्र मिळेल तिथे ऐकावाच, तो म्हणजे ‘केर्द डान्ट’. हार्पवर एक धून चालू होते. गायक काही मापे थांबतो आणि मग वेगळ्याच चालीत कविता म्हणू लागतो. दोन्ही चाली आपापल्या वाटेने जातात, पण संपायचे एकाच ठोक्यावर. समेची सवय असलेल्या श्रोत्याची मान तिथे न सांगता हलते. याची स्पर्धा दर नोव्हेंबरात वेगवेगळ्या गावी भरते. केवळ हार्पसाठी येणाऱ्याने जून सोडून नोव्हेंबरच गाठावा, असे माझे मत आहे. थंडी आणि पाऊस सोसायची तयारी मात्र हवी.

सेंट फॅगन्स पाच वाजता बंद होते. त्यानंतर शहरात येऊन संध्याकाळची गाडी मिळते. पण रेल्वेची दुरुस्तीची कामे बहुधा रविवारीच निघतात. सेव्हर्नचा बोगदा बंद असला तर गाड्या ग्लॉस्टरवरून वळवतात आणि प्रवास बराच लांबतो. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असेल, तर परतीचे तिकीट काढण्याआधी त्या रविवारचे वेळापत्रक बघून घ्यावे.