नळीची पारख

लेखकाचे नाव पाहून पुस्तक घेण्याची आमची जुनी खोड. भाचीच्या पॉइंट टू-टू रायफलीसाठी नवी नळी निवडायला परभणीहून पुण्याला गेलो, तिथेही आम्ही आधी कारखान्याचेच नाव विचारले. पैसे मेहुण्यांच्या सोयाबीनचे होते. भाची म्हणाली, "मामा, नाव नको, कागद बघा." शिकंज्यात आवळलेल्या नामांकित नळीने काडतुसांचा प्रत्येक लॉट विखरून टाकला; कमी नावाजलेलीने एका लॉटच्या गोळ्या जवळजवळ एकाच भोकात बसवल्या. ५० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! तीच ठरली. मात्र १९५९च्या शस्त्र कायद्याने सुटी नळीही शस्त्रच. परवान्याचे काम अजून चालू आहे. तोवर भोकांचा तो कागद मेहुण्यांनी सोयाबीनच्या पावत्यांत ठेवला आहे.