ओमांचं बटाट्याचं सॅलड आणि आपली कच्ची केळी



लेकीची सोयरीक जमली आहे. मुलगा आपल्यातला नाही, इथलाच, विस्कॉन्सिनचा आहे. हे एका वाक्यात लिहायला मला चार महिने लागले, त्यामुळे त्यावर आज आणखी काही लिहीत नाही. आज लिहायचं आहे ते त्यांच्या घरातल्या एका पदार्थाबद्दल, कारण सोयरीक जमवताना पत्रिका, जात, नोकरी यांपैकी कशावरच आमचं इतकं बोलणं झालं नाही, जितकं या एका सॅलडवर झालं.

मिलवॉकी आणि आसपासचा हा सगळा भाग जर्मन लोकांनी वसवलेला. एकोणिसाव्या शतकात ते जहाजं भरभरून इथे आले. मिलवॉकीला तेव्हा 'जर्मन अथेन्स' म्हणत. होणाऱ्या जावयांचे पूर्वज पोमेरेनियातून आलेले. घरात आता जर्मन कोणी बोलत नाही, पण आजीला अजून 'ओमा' म्हणतात आणि सणावाराला, लग्नाकार्याला गरम बटाट्याचं सॅलड होतं. सॅलड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काकडी-टोमॅटोच्या चकत्या येतात, तसं हे नाही. उकडलेल्या बटाट्याच्या गरम चकत्या, त्यावर व्हिनेगर, साखर आणि कांद्याचं आंबटगोड पाणी, आणि ते सगळं डुकराच्या मांसाच्या सुटलेल्या चरबीत. खुद्द जर्मनीत म्हणे याचे गावागणिक प्रकार आहेत. उत्तरेकडे मेयोनीज घालून थंड करतात, दक्षिणेत श्वाबियाकडे मांसाचं सूप मुरवतात. इथे मात्र आंबटगोड आणि गरमच. आणि चर्चच्या जेवणात ते गरम राहावं म्हणून बायका ते स्लो कुकरमध्ये करून आणतात.

पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ओमांनी आमच्यासाठी मुद्दाम मांस न घालता, तेलात वेगळा पॉट लावला होता. ऐंशी ओलांडलेल्या बाई. आदल्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन लाल सालीचे चिकट बटाटे आणले, कारण पिठूळ बटाट्याचा लगदा होतो. 'शाकाहारी' एवढं त्यांना सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते मनापासून पाळलं होतं. झाकण काढलं आणि वाफेबरोबर कांदा-व्हिनेगरचा वास आला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी ओमांच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, की जमिनीखालचं आम्ही खात नाही, बटाटा नाही, कांदाही नाही.

त्यांना वाईट वाटलं. ते दिसलं. पण बाई मोठी खमकी, लगेच म्हणाल्या, "का ते सांग." (इंग्रजीत तू काय नि तुम्ही काय, सगळं एकच, पण त्यांचा सूर 'सांग' असाच होता.)

आता मैत्रिणींनो, हे आपण आपल्या मुलांनाही किती नीट सांगतो? 'आपल्यात चालत नाही' एवढ्यावर भागवतो. मी सांगितलं ते असं. बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीत वाढलेलं खोड आहे, हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. त्यावर जे डोळे असतात त्या प्रत्येकातून नवं झाड येऊ शकतं. शेतकरी बटाट्याचे तुकडे करून लावतो ते त्यासाठीच. एका शरीरात अनंत जीव, म्हणून आपण त्याला अनंतकाय म्हणतो. शिवाय तो उपटताना आजूबाजूची माती आणि तिच्यातले जीव हलतात ते वेगळंच. ओमांचं बालपण शेतावर गेलेलं. डोळे ठेवून बटाटे कापायचं काम त्यांनी लहानपणी केलेलं होतं, त्यामुळे हे त्यांना एखाद्या शहरी माणसापेक्षा लवकर कळलं. मग हळद कशी चालते, असं त्यांनी विचारलं. वाळवलेली म्हणून, तशीच सुंठ. आणि शेंगदाणा? तो मातीत वाढला तरी ती शेंग आहे, कंद नाही. बाईंनी वकिलासारखी उलटतपासणी केली. मला आवडलं.

खरं तर बटाटा आपल्या प्राचीन ग्रंथांत नावाने सापडणारच नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. युरोपात पोचला सोळाव्या शतकात, आणि आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी. आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. जर्मनीतही तो सहजी रुजला नाही. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाला १७५६ साली बटाटे लावा म्हणून हुकूम काढावा लागला. पॉट्सडॅमला त्याच्या थडग्यावर लोक अजून फुलांसोबत बटाटे ठेवतात. म्हणजे ओमांच्या पूर्वजांना तो हुकूम काढून खायला शिकवावा लागला, आणि आमच्या पूर्वजांनी तो आल्या आल्या कोणत्या रांगेत बसवायचा हे ओळखलं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या.

आणखी एक सांगितलं. आचारांग आणि कल्पसूत्राचं इंग्रजी भाषांतर पहिल्यांदा मोठ्या मालिकेत छापलं गेलं ते १८८४ साली, आणि ते करणारे हर्मान याकोबी जर्मन होते. ओमांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं, पण त्यांच्या सुनेने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, लगेच फोनवर शोधून वाचून दाखवलं. तेवढ्याने टेबलावरचं वातावरण सैल झालं.

त्या दिवशी ओमांनी ठरवून टाकलं, की लग्नात पाहुण्यांसाठी त्यांचा पॉट असेलच, पण नवरीच्या आईला खाता येईल असा दुसराही पॉट असेल, आणि तो आपण दोघी मिळून शोधून काढू.

स्लो कुकर माझ्या ओट्यावर पंधरा वर्षं आहे. इथे डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायचं आणि नोकरीही करायची, तर सकाळी दिवस उगवल्यावर मुगाची खिचडी किंवा दुधी-हरभरा डाळ पॉटला लावून जायचं आणि साडेतीनला घरी येऊन गरम जेवायचं, हाच मार्ग. (राजमा मात्र थेट पॉटमध्ये टाकू नका. भिजवलेलं पाणी फेकून आधी दहा मिनिटं चांगला खळखळ उकळून घ्या, नाहीतर पोटाला बाधतो. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.) या यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना याचं पेटंट १९४० साली मिळालं. कल्पना सुचली ती त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या आठवणीवरून. लिथुएनियात ज्यू लोक शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवत नाहीत, म्हणून मावळायच्या आत कडधान्याचं भांडं गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचे आणि उरलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजायचं. पुढे १९७१मध्ये तेच 'क्रॉक-पॉट' नावाने घरोघर गेलं. सूर्य पाहून स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याशा आज्यांमुळे ही सोय आज माझ्या हाताशी आहे, याचं मला दर हिवाळ्यात बरं वाटतं.

तर बटाट्याऐवजी कच्ची केळी, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण सांगलीला फोनवर सासूबाईंना (आम्ही आत्या म्हणतो) हे सांगितलं, आणि मी उत्साहाच्या भरात म्हणाले, की मांसाचा धुरकट वास यावा म्हणून धुरी दिलेल्या मिरचीची पूडसुद्धा मिळते, ती चिमूटभर घालू. पलीकडे क्षणभर शांतता. मग आत्या म्हणाल्या, "अगं, आणि पिठाचा कोंबडा?"

यशोधर राजाची कथा तुम्ही चातुर्मासात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलका'त ती मोठी करून सांगितली आहे. राजा बळी द्यायला तयार नाही, आई ऐकत नाही, शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला. जीव कोणाचाच गेला नाही, पण मनात कोंबडाच कापला होता, त्यामुळे माय-लेकाला जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागलं.

दोन दिवस मला काही सुचेना. केळ्याचं सॅलड हाही पिठाचा कोंबडाच का? मग आपल्याकडे केळ्याची 'जैन पावभाजी', केळ्याचे वडे करतो, तेही? या प्रश्नावर तुमच्यातल्या काही जणी माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण मी स्वतःपुरती रेघ अशी ओढली: धुरीची पूड नाही. मांसाचा आभास आणायचा म्हणून जे घालायचं ते सगळं बाद. आंबट, गोड, मोहरी, गरमपणा हे मात्र ओमांच्या हाताचं आहे, त्यात कुणाचा जीव नाही, ते घ्यायचं. आणि केळं केळ्यासारखंच लागू द्यायचं. आत्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं मन तुला ठाऊक." हा होकार होता की नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

लेक बटाटा खाते. कॉलेजात असल्यापासून खाते, तिने मला कधी अंधारात ठेवलं नाही. लग्नात ती कुठल्या पॉटमधलं घेईल, हे मी विचारलेलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात काय शिजेल हे ठरवायला मी असणार नाही, हे बटाट्याच्या निमित्ताने समोर आलं, इतकंच. रात्री सामायिकाला बसते तेव्हा अधूनमधून तेच मनात येतं आणि माळेचे मणी तसेच राहतात.

असो. आमच्या दोघींच्या तीन रविवारच्या खटाटोपातून जे ठरलं ते असं. सहा मोठी कच्ची केळी, इथे मेक्सिकन दुकानात मिळतात ती जाड सालीची मोठी घेतली तर उत्तम, चकत्या अखंड राहतात. हाताला तेल लावून सोला, नाहीतर चीक निघता निघत नाही. बोटभर जाड चकत्या करून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. पॉटमध्ये पाव वाटी तेल, एक वाटी गाळलेलं पाणी, दोन मोठे चमचे साखर, मीठ, मिरी, बारीक चिरलेले सेलरीचे दांडे (त्याचा कंद मिळतो तो नाही) आणि एका लिंबाचा रस. ओमा सेलरीचं बी घालतात, ओव्याच्या कुळातलं असतं, तेही चालतं. चकत्या निथळून घाला आणि झाकण लावून हायवर दीड ते पावणेदोन तास. मधे झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली वाफ भरून यायला वीस मिनिटं लागतात, आणि ओमांना हे तिन्ही रविवारी मला ओरडून सांगावं लागलं.

व्हिनेगर आंबवलेलं, म्हणून आपल्याला नको. पण एक गंमत कळली. बटाट्यात ते फक्त चवीला नसतं. आंबट पाण्यात बटाटा लवकर विरघळत नाही, म्हणून तासन्‌तास पॉटमध्ये राहूनही त्याची चकती चकतीच राहते. लिंबाने केळ्याचंही तसंच होतं. सगळं लिंबू सुरुवातीला घातलं तर मात्र चव कडवट होते, म्हणून दुसऱ्या लिंबाचा रस शेवटी.

आणि मोहरी. त्यांच्याकडे बाटलीतली तयार असते, तिच्यात व्हिनेगर असतं. मी दोन चमचे मोहरी थंड पाण्यात आईसारखी फेसली. ओमा शेजारी उभ्या होत्या, झणका नाकात गेला तशा दोन पावलं मागे सरल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, की ही आमच्या बाटलीपेक्षा चांगली आहे. ती पॉट बंद केल्यावर घालायची, शिजवली तर तिचा झणका उडून जातो. वर पार्स्ली, नसेल तर कोथिंबीर. गरमच वाढायचं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, आपल्याला शिळं नकोच आणि केळं ताठरही होतं.

चव? बटाट्यासारखी नाही. ओमांनी पहिल्या रविवारी स्पष्टच सांगितलं, की हे सॅलड नाही, ही काहीतरी दुसरीच भाजी आहे. तिसऱ्या रविवारी त्यांनी दोनदा घेतलं.

लग्न जूनमध्ये आहे. दिवस तेव्हा साडेआठपर्यंत असतो, त्यामुळे जेवणाची घाई नाही. सध्या वाद चालू आहे तो पॉटपुढच्या पाटीवर काय लिहायचं याचा. लेक म्हणते 'कच्च्या केळ्याचं सॅलड'. ओमांना त्यात 'जर्मन' हा शब्द हवाच आहे. मी दीडशे माणसांच्या हिशोबाने मेक्सिकन दुकानदाराला दोन खोकी सांगून ठेवली आहेत, आणि पिकायच्या आत आण असं तीनदा बजावलं आहे.